पुस्तकातला जॅब चित्रातच का थांबतो? (वाचून बॉक्सिंग शिकणाऱ्यांसाठी धागा)

मूठभर

आधी कबुली देतो. गेले आठ महिने मी बॉक्सिंग करत नव्हतो, वाचत होतो. वय ४३, सकाळचा अर्धा तास मोकळा आणि हात पसरता येतील एवढी खोली. हाताशी दोन पुस्तकं. एक जॅक डेम्प्सीचं १९५० सालचं 'चॅम्पियनशिप फायटिंग', दुसरं एडविन हेस्लेटचं १९४० सालचं, ज्याचं नाव नुसतंच 'बॉक्सिंग'. पहिला १९१९ ते १९२६ हेवीवेट जगज्जेता होता, दुसरा विद्यापीठातल्या पोरांना शिकवणारा प्रशिक्षक.

पान उघडं ठेवायचं, आरशासमोर उभं राहायचं आणि उतरवून काढायचं, असा माझा क्रम. पवित्रा झाला, मूठ झाली, पाय सरकवणं झालं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तर चांगलाच बसलाय असं वाटत होतं. मग एका क्लबात नाव घातलं. थोड्याच दिवसांत हलकं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. समोर माझ्याच वजनाचा, पण माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगा. मी जॅब टाकला की माझ्या हातावरून त्याचा उजवा माझ्या कपाळावर. पहिल्यांदा योगायोग वाटला, पाचव्यांदा वाटेना. सर बाहेरून ओरडले, "हात तिथे वाळत घातलायस का?"

घरी येऊन बाजूने व्हिडिओ काढला. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतो. हात पूर्ण लांब झाल्यापासून परत निघेपर्यंत मोजल्या तर ९ फ्रेम. म्हणजे ०.३ सेकंद हात हवेत नुसता उभा. मग पुस्तक उघडलं. चित्रातला माणूसही तसाच उभा: हात लांब, खांदा हनुवटीशी, मागची टाच उचललेली. मी चित्र हुबेहूब उतरवलं होतं, थांबण्यासकट!

तर प्रश्न असा. पुस्तकातून शिकणाऱ्यांनी हे कसं टाळलं? आणि पुस्तकातून नेमकं काय घ्यावं, काय घेऊ नये?

रिकामा_कोपरा

वाचतोय. माझाही हात तिथेच वाळतोय बहुतेक.

कडूजहर

यालाच कोरडं पोहणं म्हणतात. पाण्यात न उतरता पोहायचं पुस्तक पाठ केलं की असंच होणार. आठ महिने एखाद्या बऱ्या प्रशिक्षकाकडे घातले असते तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी टपली मारून हात मागे आणला असता. पुस्तकं कपाटात शोभतात.

मूठभर

कडूजहर, टपली मिळाली की. पाचदा, कपाळावर :)

साखळदंड

कडूजहर यांचं अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही. मी क्लबात शिकलो, पुस्तकांकडे नंतर वळलो. आमचे प्रशिक्षक 'कोपर आत' एवढं दिवसातून शंभर वेळा म्हणायचे. कोपर आत का, हे कधी सांगितलं नाही, कारण वर्गात तीस जण आणि वेळ एक तास. ते 'का' मला छापील पानावर मिळालं. कोपर बाहेर गेलं की ठोसा सरळ निघण्याऐवजी कमान घेऊन निघतो, समोरच्याला खांद्याच्या हालचालीवरून आधीच कळतं आणि स्वतःच्या बरगड्या उघड्या पडतात. ते समजल्यावर माझं कोपर कुणी न सांगता आत राहायला लागलं.

आता मूठभर यांच्या मूळ प्रश्नाबद्दल. चित्र ठोशाचा शेवट दाखवतं, कारण शेवटच दाखवण्यासारखा असतो. अर्ध्या वाटेवरचा हात चित्रात काहीतरीच दिसेल. माझ्याकडे एक जुनं फोटोंचं पुस्तक आहे. त्यात सगळे ठोसे लख्ख, कुठेही धूसर नाही. खरा ठोसा त्या काळच्या कॅमेऱ्यात असा लख्ख येणं अवघड. म्हणजे तो बिचारा हात लांब करून फोटोवाल्याची वाट बघत उभा होता. आपण त्याची ती वाट बघण्याचीच नक्कल करतो.

मी करतो ते असं: मजकूर वाचताना चित्रावर हात ठेवायचा. मजकुरात क्रियापदं असतात, 'ढकला', 'फिरवा', 'परत आणा'. आधी क्रियापदांवरून हालचाल करून बघायची, मग चित्र उघडून पडताळायचं. उलट केलं की पुतळा होतो.

जुनी_पाटी

चांगला धागा. माझा रस इतिहासात, त्यामुळे एक सावधगिरीची सूचना. पुस्तक कुठल्या नियमांच्या काळातलं आहे ते बघा, नाहीतर तंत्र विचित्र वाटेल आणि तुम्ही एकतर ते फेकून द्याल किंवा नको तिथे वापराल.

जॅक ब्रॉटनने १७४३ साली लिहून काढलेल्या नियमांत लढत उघड्या मुठींनी व्हायची. कमरेच्या वर पकडून आपटणंही चालायचं. माणूस पडला की फेरी संपली, मग अर्ध्या मिनिटात परत रेघेवर यायचं. १८३८ साली लंडन प्राइझ रिंगचे नियम आले, तरी आपटणं सुटलं नाही. डॅनियल मेंडोझाचं पुस्तक १७८९ सालचं, म्हणजे या जगातलं. आता विचार करा, समोरचा तुम्हाला धरून जमिनीवर आदळू शकतो. मग तुम्ही हात चेहऱ्याला चिकटवून वाकून उभे राहाल का? हात पुढे काढून, ताठ, त्याला अंतरावर ठेवूनच उभे राहाल. जुन्या चित्रांतले ते पुढे काढलेले हात हास्यास्पद दिसतात, पण त्या नियमांत तेच शहाणपण होतं. शिवाय हातमोजा नसताना मुठींच्या आड लपता येत नाही, फटीच फटी.

१८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्यासाठी दहाची मोजणी आणली, धरून आपटणं बंद केलं. तरी उघड्या मुठींची हेवीवेट जगज्जेतेपदाची शेवटची लढत १८८९ साली झाली, सलिव्हन विरुद्ध किलरेन, ७५ फेऱ्या. डेम्प्सीचं पुस्तक या जुन्या परंपरेतलं, म्हणून...

साखळदंड

थांबा, इथे घसरलात. डेम्प्सी उघड्या मुठींच्या काळातला नाही. तेव्हाच्या जगज्जेत्या विलर्डला त्याने १९१९ साली हरवलं तेव्हा हातमोजे रुळून दोन पिढ्या होत आल्या होत्या.

जुनी_पाटी

मान्य, वाक्य घाईत लिहिलं. लढला तो हातमोज्यांनीच. पण उभी मूठ, करंगळीच्या बाजूच्या सांध्यांवर भर, हे त्याच्या पुस्तकात ठळक आहे आणि आजचे प्रशिक्षक बहुधा उलट सांगतात, एवढंच म्हणायचं होतं.

मूठभर

हो, या सांध्यांवरून माझा पार गोंधळ आहे. डेम्प्सी म्हणतो अनामिकेचा सांधा नेम धरायला, मूठ उभी. क्लबातले सर म्हणतात तर्जनी आणि मधलं बोट, मूठ आडवी. पुस्तकात भिंतीचा प्रयोग आहे: हाताच्या अंतरावर उभं राहून मूठ भिंतीला टेकवायची आणि अंगाचा भार टाकायचा. मी केला. उभ्या मुठीने खालच्या सांध्यांवर भार खरंच सरळ खांद्यापर्यंत जातो, मनगट कुरकुरत नाही. मग सर चुकतायत का?

अस्थिपंजर

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे यात तोंड घालते. कुणीच चुकत नाहीये, प्रश्न वेगवेगळे आहेत.

हे करून बघा. डाव्या हाताची सैल मूठ करा. उजव्या हाताने तर्जनीचा सांधा चिमटीत धरून पुढेमागे हलवा. जवळजवळ हलत नाही. आता करंगळीचा धरा. हलतो, बऱ्यापैकी. तर्जनी आणि मधल्या बोटाची तळहातातली हाडं मनगटाच्या हाडांशी घट्ट बसलेली असतात. अनामिका आणि करंगळीची पायथ्याशी सैल असतात, कारण वस्तू मुठीत पकडताना त्यांना वळावं लागतं. पकडीसाठी हे वरदान, ठोशासाठी अडचण. करंगळीच्या तळहातातल्या हाडाची मान मोडते त्याला डॉक्टर लोक 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'च म्हणतात. गंमत म्हणजे ते आमच्याकडे जास्त करून बॉक्सर नसलेले लोक घेऊन येतात. रागात दरवाजावर, भिंतीवर बुक्की मारलेले. हात कमानीत फिरतो आणि करंगळीचा सांधा एकटाच आधी आदळतो.

भिंतीवर हळू भार टाकणं वेगळं आणि वेगाने आदळणं वेगळं. हळू भारात फक्त रेषा सरळ आहे की नाही ते कळतं, आणि ते शिकायला प्रयोग उत्तमच आहे. वेगात मात्र रेषा थोडी जरी चुकली तरी कुठल्या हाडावर खर्च पडतो हे महत्त्वाचं. तर्जनी-मधल्या बोटावर चूक झाली तर त्या मानाने स्वस्तात सुटका होते. उभी की आडवी हा वाद मी करणार नाही. बॅगेवर (सरावाच्या टांगलेल्या पिशवीवर) मारताना मनगट मागे किंवा बाजूला दुमडू नये एवढं बघा, आणि पट्टी बांधल्याशिवाय बॅगेला हात लावू नका. साडेचार मीटरची पट्टी लांब वाटते, पण बोटांच्या मधून आणि मनगटाला फेरे घेतल्यावर काही उरत नाही.

रिकामा_कोपरा

करून बघितलं. करंगळी खरंच लटपटते! चाळीस वर्षं हा हात वापरतोय, आज कळलं.

डावरी

माझं दुखणं वेगळंच. मी डावखुरी. सगळी पुस्तकं 'डावा हात पुढे, उजवा मागे' धरून लिहिलेली. आरशासमोर उभं राहिलं तर चित्र आणि प्रतिबिंब छान जुळतं. पण मजकूर वाचला की प्रत्येक वाक्यात डावं-उजवं मनात उलटवायचं आणि मग पाय हलवायचा. तोवर पाय विसरतो कुठे जायचं होतं ते.

मी शेवटी पेन्सिल घेतली आणि पूर्ण प्रकरणात 'डावा' खोडून 'पुढचा', 'उजवा' खोडून 'मागचा' लिहिलं. दोन संध्याकाळी गेल्या. पण त्यानंतर पुस्तक माझं झालं. उजव्या हाताच्या मंडळींनीही करून बघा, कारण 'पुढच्या पायाच्या बाजूला जायचं तर आधी पुढचा पाय हलतो, मागच्या बाजूला जायचं तर आधी मागचा' हा नियम डाव्या-उजव्यात घोळतो आणि पुढच्या-मागच्यात एका झटक्यात समजतो. पायांची फुली होत नाही.

मात्र एक गोष्ट पेन्सिलने सुटत नाही. बचावाची प्रकरणं दोघंही उजव्या पवित्र्यात आहेत असं धरून लिहिलेली असतात. मी उजव्या माणसासमोर उभी राहिले की आमचे दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, पुढचे हात एकमेकांना अडतात, आणि माझा मागचा डावा त्याच्यासाठी सरळ रस्त्यावर असतो. तसाच त्याचा उजवा माझ्यासाठी. माझा पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर राहिला तर तो रस्ता माझा, आत गेला तर त्याचा. हे उलटवलेल्या चित्रात कुठून दिसणार? चित्रात दोघंही उलटतात!

साखळदंड

डावरी, पुढचा-मागचा ही युक्ती मी चोरतोय.

मूठभर

मीही. आता शेवटचा गोंधळ मांडतो. डेम्प्सी म्हणतो जोर हा अंगाचं वजन पुढे पडण्यातून येतो. सुरुवातीलाच तो चौथ्या मजल्यावरून पडणाऱ्या बाळाची कल्पना देतो, म्हणजे बाळाचंही वजन हालत असेल तर केवढा आघात करेल. (लेखकाला उदाहरणं काय सुचतील सांगता येत नाही.) म्हणून पुढचा पाय जरासा उचलायचा, अंग पुढे पडू द्यायचं आणि त्या पडण्यावर जॅब. हेस्लेट कंबर आणि खांदा पुढच्या पायावर फिरवायला लावतो. पडू की फिरू?

पायखेळ

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता लिहितो. वीसेक वर्षं मुलांना शिकवतोय.

मूठभर, डेम्प्सी पुढे वाचा. वजन हलवायचे चार मार्ग त्याने स्वतःच दिलेत: पुढे पडणं, पुढे उसळणं, खांदे गरकन फिरवणं आणि खालून वर उठणं. तुम्ही पहिल्या मार्गापाशी मुक्काम केलात. पडणं लांबच्या अंतरासाठी. तिथून फिरत बसलात तर मूठ पोचणारच नाही. फिरणं जवळच्या अंतरासाठी, हुकसाठी (बाजूने वळून येणाऱ्या ठोशासाठी), तिथे पडायला जागाच नसते. वर उठणं अपरकटला, म्हणजे खालून वर जाणाऱ्या ठोशाला. दाराची बिजागरी आठवा. पुढचा पाय आणि ती बाजू बिजागरी, बाकीचं अंग दार. दार धाडकन लागतं ते बिजागरी हलत नाही म्हणून.

पडण्यात एक मेख आहे. पाय जमिनीला टेकायच्या आत मूठ लागली पाहिजे. पाय आधी टेकला की वजन जमिनीने खाल्लं, मुठीत काही उरलं नाही. आवाजावरून तपासा. बॅगेवर 'थप' आधी आणि पायाचा 'धप' नंतर यायला हवा. नवख्यांचा हटकून उलटा येतो. आणि ठोसा हुकला तर तुम्ही स्वतःहून समोरच्याच्या मिठीत जाऊन पडता. म्हणून हे रोज रोज प्रत्येक जॅबला करायचं नाही.

आता तुमच्या नऊ फ्रेम. डोळ्याला दिसल्यापासून हालचाल सुरू व्हायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तुमचा हात ०.३ सेकंद उभा. म्हणजे त्या मुलाला बघायला, ठरवायला आणि निघायला तुम्ही निवांत सवड दिलीत. त्याचं कौतुक करू नका, अशी सवड मिळाली तर कोणीही मारेल.

उपाय सोपा पण कंटाळवाणा. जॅब म्हणजे दोन शब्द, 'जा' आणि 'ये'. तुम्ही आठ महिने 'जा'चा सराव केलात. आता 'जा' मनात म्हणा आणि 'ये' मोठ्याने. मूठ परत येऊन गालाच्या हाडाला टेकली पाहिजे, प्रत्येक वेळी, नुसती जवळ येऊन चालणार नाही. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या फक्त हेच. आरसा नको. आरशात माणूस स्वतःला बघायला थांबतो.

पुस्तकाबद्दल माझं मत विचाराल तर पवित्रा, मूठ, वजन कुठे आहे, पाय कुठल्या क्रमाने हलतात, हे पानावरून चांगलं शिकता येतं. कारण हे थांबून तपासता येतं. अंतर आणि वेळ पानावर नाही. त्याला समोर दुसरा जीव लागतो, तोही थोडा लबाड.

कडूजहर

हे मीच म्हणत होतो, फक्त कमी शब्दांत.

आता पायखेळ यांना एक प्रश्न, भांडण म्हणून नाही. 'ये' वर एवढा भर दिला की पोरं ठोसा पोचायच्या आधीच ओढून घेतात. झुरळाला हात लावल्यासारखा जॅब. मी हे पुष्कळ बघितलंय. मग?

पायखेळ

बरोबर धरलंत. होतं असं. म्हणून तीनातली मधली फेरी बॅगेवर. बॅग आवाजाने सांगते: पोचला तर टणक 'थप', ओढला तर नुसतं चाटून गेल्याचा आवाज. आणि हाताने ओढायचं नाही, खांद्याने. पुढचा खांदा मागे फिरला की हात आपोआप येतो, मागच्या हातालाही निघायला वाव मिळतो.

अस्थिपंजर

यात भर. कोपर पूर्ण ताठ करून हवेत झटका देऊ नका. बॅगेवर झटका बॅग घेते, हवेत तो कोपराच्या सांध्याला बसतो. शॅडो (हवेतच ठोसे मारायचा सराव) करताना शेवटचा जरासा बाक ठेवा. 'टेनिस नाही खेळत तरी कोपर दुखतं' म्हणणारे घरगुती बॉक्सर माझ्याकडे येऊन गेलेत.

मूठभर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

आरशावर चादर टाकली. 'ये, ये, ये' ऐकून घरच्यांनी दोनदा दार वाजवून विचारलं, कोणाला बोलावतोय म्हणून. कालच्या व्हिडिओत ३ फ्रेम, एकदा २. पुस्तकात 'डावा' खोडून 'पुढचा' केलं, त्या नादात मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. हात परत आणण्याबद्दल त्याच पानावर खाली एक ओळ होती. आठ महिने चित्राच्या सावलीत राहिली.

परवा पुन्हा तोच मुलगा. तीन फेऱ्यांत उजवा दोनदाच लागला. पण आता नवीन भानगड: ते दोन्ही लागले तेव्हा माझा हात वेळेत परत येत होता, पण खालून. छातीपर्यंत उतरून मग वर गालाशी. बाजूच्या व्हिडिओत झोका घेतल्यासारखा दिसतो.

डावरी

माझंही तेच होतं. ज्या रेषेने गेला त्याच रेषेने यायला हवा. मी दोन भिंतींच्या मध्ये खांद्याच्या उंचीवर दोरी बांधली, तिच्याशी समांतर उभी राहिले आणि मूठ दोरीच्या वरूनच नेली, वरूनच आणली. खाली उतरली की हाताला दोरी लागते. हीच दोरी नंतर खाली वाकून डोकं या बाजूने त्या बाजूला काढायच्या सरावालाही चालते.

पायखेळ

दोरी उत्तम. आणि मूठभर, झोका येतो कारण खांदा थकलाय. तिसऱ्या फेरीतला व्हिडिओ पहिल्या फेरीच्या शेजारी ठेवून बघा. पहिल्या फेरीत रेषा सरळ असेल तर तंत्र ठीक आहे, दम कमी पडतोय.

मूठभर

आत्ता बघितलं. पहिल्या फेरीत सरळ. दुसऱ्या फेरीच्या मध्यापासून झोका सुरू होतो. दोरी बांधतोय, आणि उद्यापासून दोरीउड्या.